बीपीची गोळी सुरू आहे? मग शुगर अशी तपासून घ्या

खान्देशात मे महिन्यात तहान लागली तर कुणाला नवल वाटत नाही. भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, माणूस तांब्यावर तांब्या रिचवतो आणि रात्री लघवीला उठावं लागलं की 'पाणी जास्त झालं' म्हणून सोडून देतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सगळा दोष तिच्यावर. डायबेटीस इथेच लपून राहतो. 'माले काहीच तरास नही' हे अगदी खरं असेल, पण टाइप २ डायबेटीस कित्येक वर्षं दुखत-खुपत नाही. तेवढ्यात डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पायांच्या नसा मात्र खराब होत राहतात. म्हणून बीपी निघालं की शुगर तपासायचीच, लक्षणांची वाट पाहायची नाही. पोटावरची चरबी वाढते, इन्सुलिनचा असर कमी होतो, आणि त्यातून बीपी व शुगर दोन्ही चढतात.

आधी जुनी फाइल काढा. शुगरचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. पुष्कळांच्या फाइलमध्ये पानोपानी बीपीचे आकडे असतात, शुगरचा एकही नसतो. मग शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटीमीटर आणि बायकांचा ८० च्या वर असेल, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला शुगर असेल, तर चालढकल नको.

गावात आशाताईंना विचारा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. बोटातून रक्त देण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. नुकतंच केळं सोललेलं असेल तर बोटावरचा गोडवा पट्टीवर उतरतो आणि आकडा फुगतो. ही तपासणी चाळणीपुरती. आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त देऊन लॅबचा रिपोर्ट घ्यायचा.

उपाशीपोटीच्या तपासणीआधी निदान ८ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. एकादशीच्या दिवशी सकाळी फराळ करून लॅबमध्ये गेलात तर ती तपासणी वाया गेली. साबुदाणा, केळी, शेंगदाणे हे सगळं खाणंच आहे. सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.

आकडे असे वाचा (रक्तातली शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी (तांबड्या पेशींवरून काढलेली गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे डायबेटीस. काही लक्षण नसेल तर दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर ती डायबेटीसच्या आधीची पायरी, प्रीडायबेटीस. इथे वजन आणि चालणं यांवर मेहनत घेतली तर पुढचं पुष्कळ टळतं.

एक गोष्ट सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकांनी नक्की लक्षात ठेवावी. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे शुगर जास्त असूनही एचबीएवनसी कमी दिसू शकतं. रक्तक्षयातही तो आकडा चुकवतो, लोहाच्या कमतरतेत तर उलट वाढलेला दिसतो. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि उपाशीपोटीची व ग्लुकोजनंतरची तपासणी मागून घ्या.

डायबेटीस निघाला तर बीपीची गोळी मनाने बंद करू नका. काही गोळ्या शुगर थोडी वाढवू शकतात, हे खरं. पण बदलायचं ते डॉक्टरांनी. किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घ्या. दोन्ही आजार असताना बीपी साधारण १३०/८० च्या खाली आणायचं असतं. भरीत आणि कळण्याची भाकरी सोडायची गरज नाही, सोबतचे पापड, शेव आणि लोणचं कमी करा, मीठ तिथे दडलेलं असतं. वजन झपाट्याने उतरतंय, उलट्या होतायत, श्वास जोरात चाललाय, गुंगी येतेय असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रिपोर्ट नॉर्मल आला तर फाइलच्या पहिल्या पानावर तारीख लिहा. पुढची तपासणी जास्तीत जास्त तीन वर्षांनी. प्रीडायबेटीस असेल तर दरवर्षी. बाळंतपणात शुगर वाढली होती अशा बायकांनीही, मग ती मुलं आता कॉलेजात का जात असेनात, आपलं नाव या यादीतून वगळू नये.