नाताळच्या झाडाखाली शकुंतलेचं गाव

झाडाखाली गाव मांडून त्यातून रेल्वे फिरवायची तर सगळ्यात आधी माप जुळवा. बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारा रूळ एचओ नावाच्या मापाचा, दोन पट्ट्यांमधलं अंतर १६.५ मिमी. एचओच्या गाड्या १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असतात आणि नाताळची तयार सिरॅमिक घरं त्याहून बरीच मोठी, म्हणून गाडी त्यांच्याशेजारी खुजी दिसते. ओएन३० प्रकारात रूळ तोच, पण गाडी १:४८ ची. या प्रमाणात तो रूळ जवळपास अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रूळ ठरतो. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर धावणाऱ्या शकुंतला या जुन्या रेल्वेचा गेजही, म्हणजे रुळांमधलं अंतर, ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूटच होता. आपल्या गावासाठी याहून चपखल माप नाही.

१:४८ मध्ये एक फूट म्हणजे पाव इंच. १० फुटी भिंत अडीच इंचाची, दार ४ सेंमीचं, माणूस साडेतीन सेंमीचा. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोला. आतली नाळीदार बाजू गेरूने रंगवली की कवेलू तयार. जत्रेतली सेलवरची गाडी असेल तर डब्याचं दार मोजा आणि घराचं दार तेवढंच ठेवा.

४ × ४ फुटांचा १२ मिमी प्लायवूड मधोमध कापून दोन भाग करा. दोन्हींच्या कापलेल्या कडेला अर्धगोल काढा, म्हणजे उभ्या झाडाच्या बुडाभोवती फळ्या जोडता येतात. १८ इंच त्रिज्येचे वळणाचे १२ तुकडे लावले की गोल पूर्ण होतो आणि बाहेर कडेपर्यंत साधारण ५ इंच उरतात. रुळाखाली ५ मिमी फोमशीट घाला, खडखडाट कमी होतो. चढ नकोच. गालिचा किंवा चादरीवर रूळ टाकू नका, धागे गिअरमध्ये जातात.

घरं चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा हाताने पूर्ण फेरी ढकलून बघा. वळणावर डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर येतात. घर तिथंच घासतं.

आता कापूस. घरोघरी असतो, म्हणून बर्फासाठी तोच अंथरला जातो, आणि गाडी बंद पडण्याचं मोठं कारणही तोच. तंतू आसाला गुंडाळत जातात, मोटर गरम होते. इंजिन उलटं करून चिमट्याने ते काढावे लागतात. रुळापासून दोन्हीकडे २ इंच कापूस नको, तापणाऱ्या बल्बजवळ तर मुळीच नको. खरं तर बर्फापेक्षा कापसाचं वावरच करा. डिसेंबरात वेचणी चालूच असते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बारीक काड्या अडीच सेंमीच्या कापा, २ सेंमी अंतराच्या ओळींत फेविकॉलने रोवा आणि प्रत्येकीवर मोहरीएवढ्या कापसाचे चार-पाच ठिपके लावा. कडेला एक बैलबंडी उभी केली की झालं.

गाडी समोर जोरात आणि झाडामागे मंद चालते का? सांध्यांच्या ढिल्या पितळी क्लिपांमधून वीज पुढे नीट पोचत नाही. क्लिपा पकडीने हलक्या दाबा आणि गोलाच्या पलीकडच्या बाजूलाही वायरची जोडी द्या. आतल्या पट्टीची वायर आतल्याच पट्टीला जोडा, नाहीतर शॉर्ट होईल. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ धरतो.

घरांच्या दिव्यांना वेगळा १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर घ्या. रुळावरून वीज घेतली तर गाडीच्या वेगाबरोबर दिवे कमीजास्त होतात. प्रत्येक पांढऱ्या एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, पुरेसा उजेड पडतो.

गाडी अचानक जागीच थांबली, तर आधी चमकी शोधा. झाडावरून पडलेली धातूची एक पट्टी दोन रुळांना टेकली तरी शॉर्ट होतो. प्लग काढा, मगच ती उचला. खालच्या फांद्यांना चमकीऐवजी कागदी चांदण्या बांधा. खरं सुरूचं झाड असेल तर बादलीत पाणी घालण्याआधीही प्लग काढा आणि रुळावर गळलेल्या काड्या रोज सकाळी ब्रशने झाडा.