गेम खेळताना पीसी बंद पडतो: ग्राफिक्स कार्ड तापतंय की वीज अपुरी, कसं ओळखावं

धूळ झाडली, पंखे फिरतात हे पाहिलं, ड्रायव्हर नवा टाकला, एवढं तुम्ही केलंच असेल. आता एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) लॉगिंग, म्हणजे आकड्यांची सतत नोंद, चालू करा आणि ज्या गेममध्ये पीसी बंद पडतो तोच खेळा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक लगेच नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घ्यायला सांगतात. हा सल्ला ऐकू नका. विंडोज नीट बंद न होता पीसी पुन्हा सुरू झाला, एवढंच ती नोंद सांगते.

दुसरा चुकीचा सल्ला म्हणजे कार्डाची पॉवर लिमिट (ते किती वीज ओढू शकतं ती मर्यादा) ७० टक्के करून बघा. त्याने पीसी टिकतो, पण उष्णता आणि विजेची ओढ दोन्ही एकदमच उतरतात, मग दोष कोणाचा? मी इथे महिनाभर अडकलो, दोनदा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलली.

लिमिट १०० टक्केच ठेवा. कॅबिनेटची बाजू उघडा, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून कार्डाचे पंखे पूर्ण वेगावर न्या, समोर टेबलफॅन लावा. आता पीसी टिकला तर दोष उष्णतेचा. पासष्ट अंशांवरही खटकन बंद पडला, तर संशय विजेवर. तापलेलं कार्ड सहसा आधी क्लॉक (चिपचा वेग) उतरवतं, ते लॉगमध्ये दिसतं. वीज कमी पडली की असा काही इशारा मिळत नाही. लोड एकदम चढला की स्क्रीन काळी.

लॉगमधल्या १२ व्होल्टच्या (एसएमपीएस कार्डाला देतो ते व्होल्टेज) आकड्यावर विसंबू नका. ११.४ च्या खाली गेलं तर दोष नक्की शोधा, पण १२.१ दिसलं म्हणून सगळं ठीक असं नाही. झटका काही मिलिसेकंदांचा असतो, सॉफ्टवेअर वाचतं सेकंद-दोन सेकंदांनी.

माझ्या कार्डाला दोन ८-पिन सॉकेट होते आणि मी एकाच केबलची दोन तोंडं त्यांत खोचली होती. पीसी बंद करून, प्लग काढून पाहिलं तर एसएमपीएसकडच्या टोकाचं प्लास्टिक पिवळसर पडलं होतं. दोन स्वतंत्र केबल लावल्या आणि त्रास थांबला. एसएमपीएस मात्र स्वतः कधीही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

यूपीएस असेल तर एकदा पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट देतात. आरटीएक्स ३०८० हे कार्डच ३२० वॉटचं आहे.

उष्णताच निघाली, तर पेस्टला हात लावण्याआधी कॅबिनेटला पुढून हवा आत येते का ते बघा.