आधी छाती, मग तिकीट : जानेवारीच्या डायव्हिंगची तयारी

ठाणे, ऑक्टोबर 2021

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावरून स्कूबा डायव्हिंगची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या सामानाची, बॅग खाली काढली. ती भरली होती मार्च 2020 मध्ये. आमचं मालदीवचं विमान 28 तारखेचं होतं आणि 23 तारखेपासून देशातली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. बॅग तशीच वर गेली. आता जानेवारीत जायचं म्हणतोय, मी आणि माझी भाची. ती माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार. ठाणे-नवी मुंबईतले ओळखीचे डायव्हर रोज एकच विचारतात, "बुक करू का?" त्यांच्यासाठी, आणि खरं तर स्वतःसाठीही, ही तयारी सविस्तर लिहून काढते आहे. यातले प्रवासाचे आणि चाचणीचे नियम ऑक्टोबर 2021 चे आहेत.

सगळ्यात आधी छाती तपासून घ्या. मला एप्रिलमध्ये कोविड झाला, घरीच बरी झाले, ऑक्सिजन कधी 95 च्या खाली गेला नाही. तरी मी तिकिटाला हात लावण्याआधी छातीच्या डॉक्टरांकडे गेले. कारण साधं आहे. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आलं, तर ती हवा दुप्पट जागा मागते. म्हणून आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात, श्वास कधीही रोखू नका. पण फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात आजारामुळे हवा अडकून राहत असेल, तर तुम्ही नीट श्वास घेत असूनही ती हवा वर येताना फुगतेच, आणि फुप्फुस फाटू शकतं. जमिनीवर जिने चढताना या दुखण्याचा पत्ताही लागत नाही. डायव्हिंगआधी भरायच्या वैद्यकीय प्रश्नावलीतही आता फुप्फुसं आणि हृदयाच्या प्रश्नाबरोबर कोविडचा उल्लेख आहे. तिथे खोटं 'नाही' लिहू नका. हात जोडून सांगते.

माझा एक्स-रे झाला, मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी. नाकाला चिमटा, दातांत पुठ्ठ्याची नळी, आणि तंत्रज्ञ म्हणतोय, "सोडा, सोडा, अजून सोडा ताई." नळीवर दात रोवले गेले ते थेट रेग्युलेटरवर, टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणावर, रोवतात तसे. दीड वर्षांनी तोंडाला ती सवय आठवली आणि माझे डोळे भरून आले. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर डायव्हिंगच्या वैद्यकातले जाणकार नव्हते, म्हणून प्रश्नावलीसोबतची डॉक्टरांसाठीची माहिती छापून नेली होती. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि मगच सही केली. तुम्हीही छापून न्या.

लस. आजारातून उठल्यावर तीन महिने थांबायला सांगितलं होतं, त्यामुळे पहिला डोस जुलैअखेर, मग कोविशील्डच्या दोन डोसांमधले 84 दिवस, आणि दुसरा गेल्या आठवड्यात. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर प्रमाणपत्राला पासपोर्ट नंबर जोडून घ्या. आपल्याकडे खरी गोची नावात होते. आधारवर नुसतं नाव-आडनाव, पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि कोविड चाचणीचा लॅबवाला फोनवर ऐकून तिसरंच काहीतरी लिहितो. भाचीच्या प्रमाणपत्रावर आडनावात एक 'एच' जास्त होता. तीनही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने तपासा. पासपोर्टची मुदतही बघा. दोन वर्षं कपाटात असलेला पासपोर्ट केव्हा संपत आला हे लक्षात राहत नाही. निदान सहा महिने बाकी असावेत.

आता कुठे जायचं. बालीने 14 ऑक्टोबरला 19 देशांना दार उघडलं, यादीत भारत आहे, पण तिथे उतरल्यावर पाच दिवस विलगीकरण. नोकरदाराच्या सुट्टीत ते बसत नाही. मालदीवने मे महिन्यात दक्षिण आशियातल्या पर्यटकांना बंदी केली होती, ती 15 जुलैला उठली. एअर बबलमुळे, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून सुरू केलेल्या विमानसेवेमुळे, मुंबईहून मालेला थेट विमान आहे, व्हिसा उतरल्यावर मिळतो, आणि जानेवारी ते एप्रिल पाणी सर्वांत स्वच्छ. मधे विमान बदलायचं नाही, हे माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या देशाने ऐनवेळी नियम बदलला तर आपण दोन्हीकडून अडकतो.

जाताना आरटी-पीसीआर या कोविड चाचणीचा 96 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागतो. आमचं विमान शनिवारी 15 जानेवारीला सकाळी आहे, म्हणून नमुना गुरुवारी सकाळी देणार. बुधवारी दिला तरी चालतो, पण रिपोर्ट जितका ताजा तितकं बरं, आणि घोळ झालाच तर शुक्रवार हाताशी राहतो. घरी येऊन नमुना घेण्याचे जास्त पैसे लागतात, केंद्रावर गेलात तर कमी. रिपोर्टवर क्यूआर कोड हवा, आणि तो फोनवर उघडतो का हे घरीच बघा. मालदीवचा प्रवाशांसाठीचा ऑनलाइन 'इमुगा' फॉर्म निघण्याआधीच्या 24 तासांत भरायचा.

परतीचं गणित जास्त अवघड आहे. भारतात येताना 72 तासांच्या आतला रिपोर्ट 'एअर सुविधा' या सरकारी पोर्टलवर चढवावा लागतो. त्यात आम्हा डायव्हरांचा जुना नियम आहेच, अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास पाण्याबाहेर. विमान शनिवारी 22 तारखेला दुपारी चारला. म्हणजे शेवटची डायव्ह शुक्रवारी रात्री दहाच्या आत संपायला हवी; आम्ही दुपारी बारालाच थांबणार. नमुना गुरुवारी सकाळी. बेटावर लॅब नसेल तर नमुना बोटीने जातो, तेव्हा रिपोर्ट किती तासांत मिळतो हे बुकिंगआधी लेखी विचारून घ्या. 'मिळून जाईल हो' यावर विसंबू नका.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? आई 71 वर्षांची आहे, नौपाड्यात माझ्याबरोबर राहते. ती म्हणाली, "तू पाण्याखाली जातेस त्याची मला कधीच भीती वाटली नाही गं. तिकडेच अडकलीस तर मी काय करू, ते सांगून जा." मी सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती पुन्हा मांडली. दोन आठवडे जास्तीचा मुक्काम खोलीत बंद राहून काढावा लागला तर खर्च किती, कोण देणार, हे रिसॉर्टकडून ईमेलवर मागून घेतलं. आईच्या आणि माझ्या औषधांचा महिन्याचा साठा. ऑफिसात आधीच कल्पना. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि बहिणीने तेवढे दिवस येऊन राहायचं कबूल केलं आहे. ही सोय ज्यांना करता येत नाही, त्यांनी यंदा परदेशी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमा दोन जागी वाचा. साध्या प्रवासी विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, कधी महामारीही. डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या, त्यात रीकॉम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे वर येताना दाब बदलून होणाऱ्या आजारावर उपचार करायच्या दाबाच्या खोलीचा, खर्च हवा. मालदीवमध्ये बंडोस बेटावर चेंबर आहे. आपल्या बेटावरून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते टिपून ठेवा.

सामानाची गंमत वाटली नाही, काळजीच वाटली. डोळ्यांवरच्या डायव्हिंगच्या मास्कच्या सिलिकॉनवर बुरशीचे काळे ठिपके, खोली आणि वेळ मोजणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरच्या बॅटरीभोवती पांढरी भुकटी, माउथपीसला डाव्या बाजूला दाताने पडलेलं भोक. होज, म्हणजे हवेची नळी, वाकवून बघितली तर टोकाशी बारीक भेगा. सगळं सर्व्हिसिंगला दिलं. रेग्युलेटर, मास्क, स्नॉर्कल या तीन गोष्टी यंदा स्वतःच्याच न्या. मास्कला आत थुंकी लावायची जुनी सवय बंद. बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळून धुतला की धुकं धरत नाही. हाताला अल्कोहोलचा सॅनिटायझर लावून ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ किंवा टाक्या भरायच्या कॉम्प्रेसरजवळ जाऊ नका, भडका उडू शकतो. साबण-पाणी वापरा.

उरला सराव. गेली दीड वर्षं तरणतलाव बहुतेक काळ बंदच होते. म्हणून डिसेंबरात आम्ही दोघी ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळला उतरून दोन दिवस मालवणजवळच्या तारकर्लीला जातोय. पाणी मालदीवइतकं नितळ नसतं, पण मास्कमधलं पाणी काढणं, बडीला हवा देणं, तरंगण्याचा तोल, हे सगळं तिथे घोटून घेता येतं. मे महिन्यातल्या तौक्ते वादळाने मालवणच्या बोटवाल्यांचं मोठं नुकसान केलं. म्हणून परदेशचा बेत फिसकटला तर याच दोन दिवसांचे सहा करायचे, हेही ठरलंय.

बुकिंग 8 जानेवारीपर्यंत पैसे न कापता रद्द होतं. म्हणून भाचीने आणि मी 5 जानेवारी ही तारीख धरली आहे. त्या संध्याकाळी दोघींपैकी एकीला जरी जाऊ नये असं वाटलं, तरी दुसरीने वाद न घालता फोन करून रद्द करायचं. नव्या कॅलेंडरवर आईनेच त्या तारखेला गोल केला आहे.