होलोकॉस्ट स्मृतिदिन शाळेत पाळताना या चुका टाळा

सोव्हिएत सैन्याने २७ जानेवारी १९४५ रोजी ऑशविट्झची छळछावणी मुक्त केली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये हा दिवस होलोकॉस्टमधील, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या सामूहिक हत्याकांडातील, बळींच्या स्मरणासाठी निश्चित केला. आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिनाच्या लगेच दुसऱ्या दिवशी येतो. त्यामुळे तयारी न करताच कार्यक्रम उरकला जाण्याचा धोका असतो.

फळ्यावर मारल्या गेलेल्या ज्यूंचा ६० लाख हा आकडा लिहून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणे आणि तेवढ्यावरच थांबणे, ही सर्वांत मोठी चूक होय. एवढ्या मोठ्या आकड्यात माणूस दिसेनासा होतो. जर्मन कलावंत गुंटर डेमनिग यांनी युरोपातील पदपथांवर बळींच्या घरांसमोर दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी फलक बसवले आहेत. ‘येथे राहत होते’ या शब्दांखाली नाव, जन्मवर्ष, हद्दपारीचे वर्ष आणि मृत्यूचे ठिकाण, इतकाच मजकूर त्यांवर कोरलेला असतो. वर्गातही एकाच कुटुंबाची कहाणी घ्यावी आणि ती छावणीच्या फाटकापासून नव्हे, तर त्यांच्या घरापासून, कामधंद्यापासून आणि मुलांच्या शाळेपासून सुरू करावी.

छायाचित्र कोणी काढले, हे न तपासता ते भिंतीवर लावू नये. पोलंडमधील वॉर्सा घेट्टोतील (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील) हात वर केलेल्या मुलाचे जगप्रसिद्ध छायाचित्र १९४३ चा उठाव चिरडणाऱ्या एसएस या नाझी दलातील अधिकारी श्ट्रोपच्या अहवालातले आहे, म्हणजे ते मारेकऱ्यांच्या बाजूने टिपलेले आहे. त्याच घेट्टोत इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या लोकांच्या नोंदी, पत्रे आणि निबंध पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले; त्यांपैकी दोन साठे १९४६ आणि १९५० मध्ये सापडले. शक्य तेथे बळींनी स्वतः मागे ठेवलेले हे शब्दच वाचून दाखवावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली ‘छावणीची चित्रे’ तर अजिबात वापरू नयेत, कारण एक बनावट चित्र पकडले गेले की खऱ्या पुराव्यावरही शंका घेणाऱ्यांचे फावते.

मुलांना ज्यू आणि नाझी बनवून प्रसंग वठवू नयेत. त्यातून वेदना कळत नाही, तिचा खेळ होतो.

एखादा विद्यार्थी ‘हिटलर शिस्तप्रिय होता ना?’ असे विचारतो, तेव्हा शिक्षक बहुधा त्याला रागावतात किंवा प्रश्न टाळतात. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, कारण हे कौतुक त्याने कुठेतरी ऐकलेले असते आणि गप्प केल्याने ते त्याच्या मनातून जात नाही. त्याच्यासमोर शांतपणे क्रम मांडावा: १९३३ मध्ये ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढले गेले, १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले गेले, नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि १९३९ पासून अपंग जर्मन मुलांनाही ठार मारले जाऊ लागले. मग यांतल्या कोणत्या गोष्टीला तो शिस्त म्हणतो, हे त्यालाच सांगू द्यावे आणि उत्तरासाठी त्याला पुरेसा वेळ द्यावा.