फायबर बॉडीच्या किट कारमधला अर्थिंगचा घोळ

किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग जमवून स्वतः जुळवलेल्या गाडीत, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा, इंडिकेटर लावला की टेललॅम्प त्याच तालात मिणमिणायचा. फ्यूज सगळे शाबूत. डोनर गाडीचं (जिचे भाग वापरले ती जुनी गाडी) हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, जसंच्या तसं बसवलं की हेच होतं. मूळ गाडीत पत्र्याची बॉडीच निगेटिव्ह वायरचं काम करते. फायबरमधून करंट जात नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो.

खात्री मल्टिमीटरने केली. दिवा चालू, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब बल्बच्या होल्डरच्या अर्थ टॅबवर (निगेटिव्ह टोकावर). 0.2 व्होल्टच्या आत हवं, इथे 4 च्या वर होतं.

प्रत्येक होल्डरपासून 1 चौरस मिमीची काळी वायर ओढून मागे एका एम 8 बोल्टवर आणली आणि तिथून 2.5 चौरस मिमीची एक वायर चासिसला दिली. तरी 0.9 व्होल्ट उरलेच! दोष चासिसच्या पावडर कोटिंगचा, म्हणजे भाजून बसवलेल्या रंगाचा: बोल्ट घट्ट लागतो, पण धातूला धातू टेकतच नाही. चासिसवर बॅटरीची अर्थ केबल जोडलेली जागा चकचकीत होईपर्यंत खरवडली, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून ग्रीस. रीडिंग 0.08.

इंजिन रबर माउंटवर असतं, म्हणून इंजिन ते चासिस किमान 16 चौरस मिमीची पट्टी हवीच. ती विसरली तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून जातो आणि केबल जळते.

जुन्या अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) डॅशबोर्डवरचा चार्जिंग दिवा 2.2 वॅटचा साधा बल्बच ठेवा. एलईडी लावल्यास चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते.