जळगाव ते धुळे विमानाने किती वेळ? पायलट व्हायला निघालेल्या पोरापोरींसाठी

आपल्याकडे पोरगं पायलटचं शिकतंय म्हटलं की चौकशी फीपासून सुरू होते आणि मग कुणीतरी काका विचारतातच, ‘धुयाले जावाले कितला टाइम लागस रे भो?’ प्रश्न भारी आहे, कारण एअर नॅव्हिगेशनच्या पेपरचा निम्मा अभ्यास त्याच्या उत्तरात येतो.

आधी अंतर. गुगलवरचे रस्त्याचे किलोमीटर विसरा, इथे सरळ रेषा लागते आणि तीही नॉटिकल मैलात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. जळगावचं विमानतळ कुसुंब्याला (धुळ्याजवळही एक कुसुंबा आहे, तो नव्हे) आणि धुळ्याची धावपट्टी गोंदूरला, दोघांमधलं अंतर साधारण ५० नॉटिकल मैल म्हणजे ९२-९३ किमी पडतं. चार्टवर (विमानाच्या नकाशावर) डिव्हायडरने मोजताना माप उभ्या रेषेवरच्या अक्षांशाच्या खुणांवर लावायचं, तिथला १ मिनिट (घड्याळाचा नाही, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १ नॉटिकल मैल. रेखांशाच्या मिनिटांवर लावलं तर गडबड, आपल्या २१ अंशावर तो मिनिट जेमतेम ०.९३ मैलाचा असतो.

आता वेळ. सेसना १७२ या शिकाऊंच्या छोट्या विमानाचा स्पीड हिशोबाला १०० नॉट (तासाला १०० नॉटिकल मैल) धरा, वारा नसला तर अर्धा तास. पण खान्देशात वारा नाही असं होतंय का, पावसाळ्यात तर पश्चिमेकडून सुटलेला असतो. समोरून २० नॉट आला की ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने खरा वेग, ८० आणि धुळ्याला जायला साडेसदतीस मिनिटं, येताना तोच वारा मागून, १२० नॉट, २५ मिनिटं. बेरीज साडेबासष्ट, साठ नाही! जाताना गेलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकलेले असता, आणि इंधन मिनिटांवर जळतं त्यामुळे हा अडीच मिनिटांचा फरक सोडून द्यायचा नसतो.

हे सगळं खाली बघून पडताळता येतं, गिरणा कधी ओलांडली, एरंडोल, पारोळा किती वाजता आलं ते लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदीच्या कागदावर) लिहायचं, वेळ पुढेमागे झाली की पुढचा अंदाज तिथेच दुरुस्त. माझ्या मते जीपीएसआधी ही सवय लावा.

प्रवासी विमानाची वेळ वेगळीच भानगड आहे. जळगाव-मुंबई सरळ रेषेत १९० नॉटिकल मैलांच्या आसपास, एटीआर हे पंख्याचं छोटं प्रवासी विमान २७० नॉटने गेलं तर पाऊण तासाच्या आतच व्हायला पाहिजे, तरी टाइमटेबलात तासाच्या वर दिसतं. कारण ती ब्लॉक टाइम असते, जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत, त्यात टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाणं-येणं), चढणं-उतरणं, मुंबईची रांग सगळं आलं.

आणि परीक्षेचं म्हणाल तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवंच, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) पेपरला पासिंग ७० टक्के. सीपीएलच्या (व्यावसायिक पायलट लायसन्सच्या) २०० तासांत २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारं उड्डाण, पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे) म्हणून लागतात, त्यात एक फ्लाइट किमान ३०० नॉटिकल मैलांची, दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरून, म्हणजे धुळ्याच्या चकरेवर ती भागत नाही. फ्लाइट प्लॅनवर वेळ यूटीसीत (जगभरची एकच प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहायची, आपल्या सकाळच्या साडेसातला तिथे ०२०० येतं, हे पहिल्या दिवसापासून हाताला बसवून घ्या.