क्लोरीनच्या नावाने खडे फोडण्याआधी: पोहायला जाताना या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोहायच्या बॅचेस सुरू होतात आणि पंधरा दिवसांत घरोघरी एकच गाऱ्हाणं, केस राठ झाले, अंग खाजतंय, डोळे लाल, आणि मागच्या महिन्यात घेतलेल्या कॉश्च्युमचा रंग उडाला. मग सगळे म्हणतात तिथे क्लोरीन फार टाकतात हो. मीपण हेच म्हणायचे.

माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बॅचला तीन आठवडे झाले होते, संध्याकाळी तिची वेणी सोडायला बसले तर खालचे चार बोटं केस एकमेकांत असे गुंतले होते की कंगवा मधेच अडकला, जरा ओढला तर केसांचे तुकडे हातात आले. मुळापासून गळलेले नव्हते, मधेच तुटलेले होते. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने टँकवर गेले आणि पाणी बघणाऱ्या काकांना विचारलं की किती क्लोरीन घालता तुम्ही. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन टेस्ट किट घेऊन आले. दोन छोट्या नळ्या, दोन्हीत पूलचं पाणी, एकीत क्लोरीन तपासायचे थेंब टाकले तर फिकट पिवळं झालं, दुसरीत पीएचचे, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते बघायचे, टाकले तर लालसर. शेजारच्या रंगांच्या पट्टीला दोन्ही लावून दाखवले, बरोबर मधोमध. मग म्हणाले, "ताई, क्लोरीन जेवढं पाहिजे तेवढंच आहे. पोरं खेळून येतात ती तशीच घामाची उडी मारतात, तुम्हाला वास येतो तो त्याचा."

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातलं आणि दरवर्षी बॅच सुरू झाली की ओळखीच्या आयांना हेच सांगत असते, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढावं.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: आंघोळ न करता पाण्यात उतरणं

पूलच्या पाण्यात क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम असतं, म्हणजे एका लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम. एवढं पाहिजेच, नाहीतर जुलाब, कानाचे-त्वचेचे आजार पसरतील. हे क्लोरीन घाम, तेल, मेकअप आणि लघवी यांच्या संपर्कात आलं की त्यातल्या नायट्रोजनवाल्या घटकांशी, विशेषतः युरिया आणि अमोनियाशी, त्याची रासायनिक क्रिया होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. नाकात जाणारा तो उग्र वास यांचा, डोळे चुरचुरतात ते मुख्यतः यांच्यामुळे, आणि बंदिस्त पूलमध्ये पोहताना खोकला येतो तोही यांच्यामुळेच. नीट ठेवलेल्या पूलला वास जवळजवळ येत नाही. म्हणजे "वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे" हे उलटं आहे, वास येतोय म्हणजे क्लोरीन आपण सोबत आणलेल्या घाणीवर खर्च होऊन गेलंय.

उपाय काय तर उतरण्याआधी एक मिनिट शॉवर. नुसता पायावर पाणी मारून आलो असा नाही, काखा, मान, डोकं सगळं भिजलं पाहिजे. आणि मुलांना आधी बाथरूमला पाठवा, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बाहेर काढून विचारा. लहान मुलं पाण्यातच करतात हे सगळ्यांना माहीत असतं पण कोणी बोलत नाही. आपल्याकडे आंघोळ पोहून आल्यावर करायची अशी पद्धत, आधीची आंघोळ म्हणजे पाणी वाया घालवणं वाटतं. पण खरं सांगते, डोळे, केस, त्वचा तिन्हींना जेवढा फायदा या एका मिनिटाचा होतो तेवढा कुठल्याच महागड्या शाम्पूचा होत नाही, फक्त तो बॅचमधल्या सगळ्यांनी केला तर. म्हणून मुलांच्या सरांना विनंती करा की शॉवर घेतल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका, बरेच सर ऐकतात.

सगळं करूनही डोळे रोजच झोंबत असतील तर पाण्याचा पीएच किती आहे ते विचारा. तो ७.२ ते ७.८ पाहिजे. आपल्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, पाणी त्यापासून फार लांब गेलं की क्लोरीन बरोबर असूनही डोळ्यांना लागतं, आणि पीएच वर चढला तर क्लोरीनचा जोरही कमी होतो. टेस्ट दाखवा म्हणायला लाजू नका, आपण फी भरतो. आणि पावडर नुकतीच टाकली असेल तर लगेच पहिल्या बॅचला उतरू नका, ती पाण्यात नीट पसरायला वेळ लागतो.

डोळे

गॉगल घेताना मुलाच्या चेहऱ्यावर पट्टी न लावता नुसता दाबून बघा, दोन-तीन सेकंद आपोआप चिकटून राहिला तर तो मापाचा. राहत नसेल तर पट्टी कितीही आवळली तरी पाणी शिरणारच आणि वर डोळ्यांभोवती वळ उठतील. आतून बोटाने किंवा टॉवेलने पुसू नका, धुकं येऊ नये म्हणून आत जो थर दिलेला असतो तो पुसला जातो आणि मग महिन्याभरात "गॉगल खराब निघाला". साध्या पाण्यात बुडवायचा, झटकायचा, सावलीत ठेवायचा, झालं.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहणं ही मात्र चूक नाही, धोका आहे. पाण्यातला अकांथअमीबा नावाचा जीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते, दृष्टी जाऊ शकते. नंबरचे गॉगल मिळतात, ते घ्या.

पोहून आल्यावर दिव्याभोवती कडं दिसतं, धूसर वाटतं, ते तास-दोन तासांत जातं. साध्या स्वच्छ पाण्याने डोळे धुवा, चोळू नका, हवं तर केमिस्टकडे कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात ते घाला. गुलाबपाणी, मध, दूध असलं काही घालू नका. आणि मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेले उरलेले थेंब तर अजिबात नकोत, त्यात स्टिरॉइड असू शकतं. एका डोळ्यापासून सुरुवात झाली, सकाळी पापण्या चिकटल्या, चिपडं यायला लागली तर ते क्लोरीन नाही, डोळे आलेत. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची साथ आली होती ती आठवत असेल, तसंच. अशा वेळी पोहणं बंद आणि टॉवेल वेगळा. उजेड सहन होत नसेल किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर डॉक्टरकडे जा.

केस: कोरडे केस घेऊन उडी मारू नका, आणि चप्प तेल लावूनही नको

केस स्पंजसारखे असतात. आधी नळाचं पाणी पोटभर प्यायले की मग पूलचं पाणी कमी पितात. म्हणजे परत तोच आधीचा शॉवर आला.

तेलाचं जरा समजून घ्या, कारण इथे आपल्याकडे दोन टोकं आहेत. खोबरेल तेल केसांच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, हे मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं होतं, त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिन्ही ताडून बघितली आणि फायदा फक्त खोबरेलाचा दिसला. कंपनी खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवूनही मला हा अभ्यास पटतो, कारण आपल्या आज्यांचा अनुभव वेगळा नाही. पण म्हणून सकाळी डोक्यावर थापून निथळत टँकवर गेलात तर ते तेल पाण्यावर तरंगतं, कडेच्या टाइल्सवर चिकट काळपट रेघ धरते आणि क्लोरीन त्यावरच संपतं. मी काय करते, आदल्या रात्री खालच्या अर्ध्या केसांना चार-पाच थेंब चोळते, रात्रभर मुरू देते, सकाळी नळाखाली भिजवून घट्ट वेणी आणि वर सिलिकॉनची कॅप. कॅपमध्ये पाणी जातं, केस कोरडे राहणार नाहीत, पण वाहतं पाणी सारखं केसांतून फिरत नाही. कापडी कॅप सोपी जाते पण त्यातून पाणी सरळ आरपार जातं.

पोहून झाल्यावर लगेच धुवा. "घरी जाऊन धुऊ" म्हणून ओल्या केसांची वेणी तशीच घालून तासभर रिक्षात, मग नाश्ता, मग आंघोळ, ही माझीच जुनी सवय होती आणि मुलीचे केस त्यानेच तुटत होते. केस आणि कातडी दोन्ही प्रोटीनची, क्लोरीन त्यांना धरून बसतं, म्हणूनच आंघोळ करूनही हाताला तो वास येत राहतो. रोज कडक शाम्पू नको, दिवसाआड सौम्य शाम्पू आणि रोज कंडिशनर पुरे. ओले केस मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत या.

वास जातच नसेल तर व्हिटॅमिन सी. साधी अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड पावडर मिळते, अर्ध्या लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा, स्प्रेच्या बाटलीत भरून पोहून आल्यावर केसांवर आणि अंगावर मारायची, दोन मिनिटांनी धुवायचं. रोज ताजं करा, ठेवलेलं निकामी होतं. डोळ्यांत आणि खरचटलेल्या जागी नको, झोंबतं. मला आधी खरं वाटत नव्हतं म्हणून काकांकडून किट मागून घेतलं, नळीतल्या पूलच्या पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवली आणि मग थेंब टाकले, तर पिवळा रंग आलाच नाही. क्लोरीन जागच्या जागी संपलं होतं.

केस हिरवट दिसायला लागले तर? आमच्या सासूबाई पाण्यातल्या व्यायामाला जायच्या, त्यांचे पांढरेशुभ्र केस, दीड महिन्यात कानांजवळ हिरवी झाक आली आणि त्या बिचाऱ्या घाबरल्या. हे क्लोरीन नव्हे, तांबं. शेवाळ धरू नये म्हणून पूलमध्ये मोरचूद टाकतात, तेच जे द्राक्षवाले बोर्डो मिश्रणात वापरतात. त्यातलं तांबं पांढऱ्या, ब्लीच केलेल्या केसांवर बसतं, काळ्या केसांवर दिसत नाही एवढंच. पोहणाऱ्यांसाठी धातू काढणारा शाम्पू मिळतो, आठवड्यातून एकदा, तीन आठवड्यांत त्यांचा रंग गेला. खायचा सोडा लावू नका, केस अजून खरखरीत होतात.

आणि एवढं सगळं करूनही केस राठच असतील तर घरचा नळ बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल, शाम्पूला फेस येत नसेल, तर दोष त्या जड पाण्याचा असू शकतो.

त्वचा

पोहून आल्यावर कढत पाणी, साबण आणि घासणी, हे तिन्ही एकदम नको. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, टॉवेलने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच क्रीम किंवा थोडं खोबरेल तेल. एक्झिमावाल्या मुलांना आधी कोपर आणि गुडघ्यांमागे पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

"क्लोरीनने पोर काळं पडलं" हे नेहमीचं, पण काळं पडतं ते उन्हाने, आणि पाण्यातूनही अतिनील किरणं आत जातात. सकाळी आठच्या आतली किंवा संध्याकाळी पाचनंतरची बॅच घ्या, उघड्या पूलला पाण्यात टिकणारं सनस्क्रीन उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. त्याची मुदत डब्यावर ४० किंवा ८० मिनिटं अशी लिहिलेली असते, नंतर पुन्हा लावावं लागतं. टॅन काढायला लिंबू चोळून उन्हात जाऊ देऊ नका प्लीज. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

कॉश्च्युम

ताणला जाणारा कॉश्च्युम ताणतो तो आतल्या इलॅस्टेनच्या, म्हणजे लायक्राच्या, धाग्यांमुळे आणि क्लोरीन नेमकं तेच खातं. उजेडाकडे धरून बघा, बसायच्या जागी कापड विरळ होऊन आतून पांढरे धागे शेवयांसारखे बाहेर आले असतील तर तो संपला, आता त्याला काही इलाज नाही. रोज पोहणार असाल तर लेबल वाचून पॉलिएस्टर आणि पीबीटीवाला (पीबीटी म्हणजे क्लोरीन सोसणारा, पॉलिएस्टरचाच एक प्रकार) घ्या, थोडा महाग आणि अंगाला जरा कडक पण खूप जास्त टिकतो. नायलॉन-लायक्रा मऊ लागतो, सुट्टीत चार दिवस रिसॉर्टला जायला ठीक. सुती टीशर्ट-लेगिंग घालून तर उतरूच नका, पाणी पिऊन जड होतात, मुलाला हात मारता येत नाही आणि धागे फिल्टरमध्ये अडकतात.

पाण्यात उतरण्याआधी कॉश्च्युमही शॉवरखाली भिजवा, केसांसारखंच आहे ते. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळा. तसाच ओला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत विसरला की रंगही जातो आणि कुबट वासही धरतो. वॉशिंग मशीन, ब्लीच, डेटॉल, कपडे मऊ करायचं लिक्विड, यातलं काहीही नको, हाताने थोड्या सौम्य लिक्विडने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. आणि वाळत घालताना गच्चीतल्या कडक उन्हात तारेवर चिमटे लावून नाही, आत सावलीत आडवा पसरून. शक्य असेल तर दोन ठेवा आणि आलटून पालटून घाला, ताणलेल्या धाग्यांना परत जागेवर यायला एक दिवस मिळतो.